पेठच्या घरी बर्फाचा नकाशा

मुलगी बघायला मामाबरोबर पेठला गेलो, तेव्हा उत्तरेतल्या एका सरकारी कार्यालयात लागून मला दोन वर्षं झाली होती. माझं काम नेमकं काय, हे आमच्या शिनोलीत कुणालाच धड सांगता येत नसे.

पोहे झाल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, “पावणं, काय काम करता?”

“हिमालयातल्या बर्फाचे नकाशे काढतो. उपग्रहाच्या फोटोवरून.”

“बर्फाचा कारखाना हाय व्हय?”

“सरकारी बर्फ हाय,” मामा घाईनं म्हणाला.

नुसत्या बोलण्यानं भागणार नाही हे ओळखून मी एक छापील फोटो बरोबर नेला होता. तो सतरंजीवर पसरला. पांढरे डोंगर, मधून काळपट दऱ्या. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

“ह्याचा उपेग काय?”

“किती भागावर बर्फ आहे ते कळलं, की उन्हाळ्यात तो वितळून नदीला पाणी किती येईल याचा अंदाज बांधता येतो.”

“म्हंजी पान्याचं काम हाय. मग तसं सांगायचं की राव,” असं म्हणून ते जरा ऐसपैस बसले.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली मुलगी फोटोवर वाकली. “ढग पण पांढरेच दिसत असतील. मग बर्फ कुठला ते कसं ओळखता?”

“पाच दिवसांनी उपग्रह पुन्हा तिथून जातो. ढग सरकलेला असतो, बर्फ जागेवर असतो.”

“आणि तिथंच दुसरा ढग आला असला तर?”

आमचे साहेब मला हेच विचारून घाम फोडायचे. “मग चूक होते,” मी कबूल केलं. “एकदा मी ढगालाच बर्फ समजून अख्खी दरी रंगवली होती.”

ती खुदकन हसली. दारातून तिच्या आईनं डोळे वटारले.

परतताना एसटीत मामा म्हणाला, “पोरगी चांगली हाय, पन लई इचारती.”

“विचारू दे,” मी म्हणालो. होकार मी मनात केव्हाच देऊन टाकला होता.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिला बर्फ दाखवायला वर घेऊन गेलो. ओंजळभर उचलून तिनं तो हुंगला, जिभेला लावला, मग हात झटकत म्हणाली, “फोटोत बरा दिसतो.” माहेरच्या पत्रातही तिनं तेच लिहिलं. सासऱ्यांचं उत्तर आलं: कांदा बरा आहे, म्हैस व्यायली, जावयांना उन्हात बसवत जा.