पोकळ हाडाची ओळख

गल्लीत त्यांना सगळे दगडोबा म्हणतात, तोंडावरसुद्धा. पूर्वी याच माणसाच्या सलूनमध्ये गल्लीभरच्या माना वाकायच्या आणि तोंडं सुटायची. कुणाचं जमलं, कुणाचं फिस्कटलं, सगळी खबर फेसासकट हनुवटीवर यायची. मग हात थरथरायला लागले. एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला. कानाला लागलेलं कानोकानी व्हायला कितीसा वेळ! गिऱ्हाइकं आटली, सलूनला कुलूप लागलं. बायको त्याआधीच गेली होती. मुलगा दूरच्या शहरात. "जेवलात ना?" असं विचारून उत्तराआधीच फोन ठेवायची त्याची पद्धत.

सलूनमधली एक फिरती खुर्ची तेवढी घरी आली. बाकी बाहेरच्या खोलीत सगळे दगडच: खाणीच्या ढिगाऱ्यातून वेचलेले शंख, शिंपले, पानांचे ठसे. दगडोबा ते दाढीच्या ब्रशने साफ करतात.

"गिऱ्हाईक बरं मिळालंय," समोरचा इस्त्रीवाला म्हणायचा, "कापलं तरी ओरडत नाही!"

अशात एकदा ढिगाऱ्यात एक दगडी नळी सापडली. बोटाएवढी जाड, आतून पोकळ, कडा अंड्याच्या टरफलासारखी पातळ. दगडोबांनी संग्रहालयात फोन केला. तिथल्या एक बाई आल्या आणि दुसरी जागाच नसल्यामुळे सलूनच्या खुर्चीत बसल्या. भिंग डोळ्याला लावून त्यांनी नळी सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली.

"काका, हाड आहे हे. दगड झालेलं."

"कुणाचं?"

"तिथंच घोडं अडतंय. इतकं पोकळ हाड उडणाऱ्या प्राण्याचं असू शकतं, नाहीतर दोन पायांवर पळणाऱ्या एखाद्या शिकाऱ्याचं. सांध्याकडचं टोक मिळालं तर ओळख पटेल. तिथं आसपास नव्हतं?"

होतं की! नळीशेजारीच पडलं होतं. आता ते फळीवरच्या दाढीच्या साबणाच्या डब्यात, कापसात निजलं होतं. बाईंच्या डोक्यापासून वीतभर वर. दगडोबांनी सांगायला तोंड उघडलं, आणि विचारलं, "चहा घेणार?"

बाई हो म्हणाल्या. चहाबरोबर बोलल्याही. खोलीत कितीतरी दिवसांनी दुसऱ्या माणसाचा आवाज झाला. निघताना त्या म्हणाल्या, "टोकाचं बघा हं काका."

"शोधतो, शोधतो."

मग बाई अधूनमधून येत राहिल्या. शंखांचे फोटो काढायच्या, टोकाची चौकशी करायच्या. ज्या दिवशी त्या यायच्या, त्या दिवशी दगडोबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून बसायचे. "स्थळ बघायला येतंय वाटतं!" इस्त्रीवाल्याने टोमणा मारलाच. दगडोबांनी तोही आवडीने ऐकून घेतला.

एक दिवस बाईंनी पिशवीतून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. "आज हाड घेऊन जाते, काका. इकडचं काम संपलं, आता येणं व्हायचं नाही. टोक नाही, तर 'अनोळखी' म्हणून चिठ्ठी लावून ठेवू."

"अनोळखी? मग ते बघणार कोण?"

"कुणी नाही. अनोळख्यांचे खणच्या खण भरलेत आमच्याकडे. उघडायला कुणाला फुरसत आहे?"

दगडोबांनी खोक्याकडे बघितलं. टोक दिलं तर आजच सगळं आटोपणार होतं. पण न देऊनही बाई आता यायच्या नव्हत्याच, आणि ते बिचारं हाड मात्र जन्मभर अंधारात पडणार होतं. ते उठले, फळीवरचा डबा काढला. हात असा थरथरत होता की बाईंनी खालून हात धरला.

तुटक्या कडा एकमेकींत अलगद बसल्या.

"उडणारा!" बाई ओरडल्याच. "पंखाचं हाड आहे, काका!" मग डब्याकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "हे कधीपासून होतं इथं?"

"तुमच्या पहिल्या चहापासून."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. नजर दोन कपांवर गेली आणि आठी सैल झाली. "अहो, नुसतं 'या' म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"आला असतात?"

बाई हाड कापसात गुंडाळायला लागल्या. जाताना त्यांनी शोधणाऱ्याचं नाव विचारलं. चिठ्ठीवर घालायचं होतं. स्वतःचं खरं नाव सांगताना दगडोबांना घसा खाकरावा लागला. बरेच दिवस वापरात नव्हतं ना ते!

बाई वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या तसा इस्त्रीवाल्याने समोरून आवाज टाकला, "काय दगडोबा, कोण निघालं शेवटी?"

"उडणारं निघालं."

"मग?"

"मग काय! उडालं."

इस्त्रीवाला खो खो हसला. दगडोबाही हसले, आणि तो आणखी काही विचारेल म्हणून दारातच उभे राहिले.