बोटीतले बैल

मिशनच्या शाळेत आयरिश पाद्रीबाबांनी, त्यांच्या देशातून बोटीने कायमचे परदेशी गेलेल्यांच्या चित्रांची एक खोली केली होती. ती दाखवायचं काम माझ्याकडे. समुद्र मी पाहिलेला नव्हता, पण थापा मारायला त्यावाचून अडलं नाही. तांड्यावरचा एक म्हातारा दर बाजाराला यायचा, चपला बाहेर काढायचा आणि बोटीच्या चित्रासमोर तेच विचारायचा, "मास्तर, या लोकायचे बैल कुठं हायेत?"

एकदा मी हसलो. "बाबा, बोटीत बैल कशाला?"

"बैलाले घरची वाट मालूम असते. माह्यं पोरगं बंबईहून बोटीत गेलं. बिनाबैलाचं."

"अहो, बोट परत येतेच की!"

"बोट येते, मास्तर. पोरगं?"

पुढच्या बाजाराला त्याने पुन्हा बैल विचारले, तेव्हा मीही चष्मा लावून चित्रात शोधू लागलो.