गाठ्या, सफरचंदं आणि निंबाच्या काड्या

आमच्या वऱ्हाडात भूक लागली म्हणून सफरचंद घेणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. सफरचंद घ्यायचं ते आजाऱ्याला भेटायला जाताना, दवाखान्यासमोरच्या गाडीवरून. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि त्यांना गावी न पाठवता मी अमरावतीला माझ्या घरी आणलं, तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तीच पिशवी होती. अकोटकडचे गाववाले आले, सफरचंदं. शेजारीपाजारी आले, सफरचंदं. मोर्शीचे मामा, म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, यांची तर स्वतःची संत्र्याची बाग आहे. तेही सफरचंदंच घेऊन आले. "आजाऱ्याले संत्रं कसं न्यावं बाई?" असं वर मलाच विचारलं. मी कपाळावर हात मारला.

फ्रिज भरला, मग परात भरली. बाबा मात्र एक फोड तोंडात घालत नव्हते. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता रोज चाला, चालल्याशिवाय गावी जायचं नाव काढू नका. बाबांचं चालणं पलंगापासून मोरीपर्यंत. गल्लीत एक चक्कर मारा म्हटलं की भिंतीकडे तोंड. उभं आयुष्य शेतात काढलेला माणूस असा पडून राहिलेला पाहून मला राग यायचा. खरं सांगायचं तर तो राग नव्हताच, भीती होती. हे आता असेच राहतील की काय, याची.

एक दिवस चिडून मी फोड त्यांच्या तोंडाशीच नेली. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुह्या मायसाठी मी दवाखान्यात सेब नेले होते. उशाशी तसेच राहिले. तीच पिशवी घरी वापस आणली मंग. मले नोको देऊ."

आईला जाऊन बरीच वर्षं झाली. ही पिशवी मला ठाऊक नव्हती. ती फोड मी स्वतःच खाल्ली.

होळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांच्या माळा घालतात, नात्यागोत्यात पाठवतात, आणि मग त्या खुंटीला लटकत राहतात. खाणार किती आणि कोण? माझी कॉलेजात जाणारी मुलगी मोबाइलवर परदेशातल्या जत्रेत मिळतात तशी सफरचंदं पाहत बसली होती. काडीवर खोचलेली, वर लाल साखरेचं काचेसारखं कवच. म्हणाली, "आई, घरात नको असलेल्या दोन्ही वस्तू एकत्र कर की." पोरगी माझीच आहे, यात शंका नाही.

दोरे काढून गाठ्या पातेल्यात टाकल्या. थोडं पाणी, लिंबाचे थेंब, बिटाचा रस. पाक इतका आटवायचा की थेंब गार पाण्यात पडला की दगड व्हावा. सफरचंदावर मेण असतं, ते गरम पाण्यानं काढल्याशिवाय पाक टिकत नाही. हे पहिल्या सफरचंदानं सगळा पाक ताटात सोडून आम्हाला शिकवलं. एका गाठीतला दोराही राहिला होता, तो लाल होऊन वर आला.

राहिला काड्यांचा प्रश्न. मुलगी म्हणाली, पऱ्हाटीच्या चालतील का? कापसावर किती फवारे मारतात ते मला माहीत होतं, मी साफ नाही म्हटलं. तेवढ्यात आतून आवाज आला, "दारात निंब हाय ना. सालं काढा अन् लावा."

बाबा उठून बसले होते. नातीकडून त्यांनी काड्या तोडून आणवल्या, चाकू मागितला आणि दाराच्या पायरीवर बसून एकेक काडी अशी सोलली की पांढरीशुभ्र. रोज निंबाचं दातून करणारा माणूस, हात बसलेला. ते पायरीपर्यंत आले याच आनंदात मी होते. पुढचा विचार करायला डोकं जागेवर कुठे होतं?

सफरचंदं देखणी झाली. नातीनं लगेच गल्लीतल्या चार घरी नेऊन दिली. परत येऊन स्वतःचं खायला घेतलं, कवच कडाकडा फोडलं, मधोमध पोचली आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"आबाजी, हे कडू आहे."

"सेब कायचं कडू लागते व?" बाबांनी तिच्या हातातून घेतलं आणि चावा घेतला. सफरचंदाला न शिवणारे बाबा. चावत राहिले, थांबले, पुन्हा चावले. "पुरा निंब उतरला यात," म्हणाले.

मी मुलीला म्हटलं, जा, चारही घरी सांगून ये. बाबांनी चपला पायात सरकवल्या.

"काड्या माह्या होत्या. मीच जातो."

आणि गेले. हळूहळू, एक हात पोटावर धरून, पण गेले. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी धास्तावून बघायला निघाले. कोपऱ्यावरच्या घरी बाबा चहा पीत बसले होते. तिथल्या काकूंनी ते सफरचंद काडीपर्यंत संपवलं होतं. "काकाजी, आमचा पाडवा लवकर केला तुमी," असं त्या म्हणत होत्या आणि बाबा पोट दाबून हसत होते. हसताना टाके दुखतात म्हणून पुन्हा हसत होते. त्या घरात कोणीही त्यांना तब्येत विचारली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा न सांगता निघाले, आणि मग रोजच.

इकडे मी मामांना फोनवर दम भरला होता की पुन्हा सफरचंद आणलंत तर दारातून परत पाठवीन. मामा आले ते बागेतली संत्री घेऊन, मोठ्या ऐटीत. "पेशंट कुठी हाय?" मी म्हटलं, गल्लीत. बाबा आले, पिशवीत डोकावले.

"संत्रे? सेब काहून नाई आणले?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"गाठ्या उरल्या हायत अजून," बाबा म्हणाले. "या टायमाले काड्या बांबूच्या लावू. चाला."

दोघंही चालत गेले. पुढचं मला मामांनी सांगितलं. दवाखान्यासमोरच्या गाडीवाल्यानं सफरचंदं तोलता तोलता सवयीनं विचारलं, कोण भरती आहे?

"कोणीच नाई," बाबा म्हणाले. "आमाले खायाले पायजे."