दोन मामा

विमा कंपनीतून बाहेर जाणाऱ्या एखाद्या मेलचा मशीनला संशय आला की ते तो अडवून ठेवायचं, आणि मग सोडायचा की परतवायचा हे मामा ठरवायचे. चौकातल्या पोलिसासारखी ही अडवाअडवी, म्हणून ऑफिसने त्यांना 'मामा' करून टाकलं. एरवी त्यांना ना बहीण, ना भाची.

कुणाची मूळव्याध, कुणाचे कानातले आवाज, सगळं मामांना ठाऊक. कधी कुणापाशी ब्र काढला नाही. पण मामा डबा घेऊन आले की टेबलावरच्या गप्पा एकदम हवामानावर घसरायच्या. "या मामा, बसा ना!" म्हणत माणसं उठायची. मामा मग खिडकीशी बसून हवामान बघत जेवायचे.

एका शुक्रवारी क्लेम विभागातल्या मुलीचा मेल आला. "मामा, रविवारी जेवायला या. नेहमीसारखं 'बघतो' म्हणू नका. तुम्ही एकटे जेवता ते मला आवडत नाही. आई वाट बघतेय."

मामांनी चष्मा पुसून परत वाचलं. निळा शर्ट इस्त्रीला टाकायचा, इथवर मन पोचलं, तोच मशीनने घंटी वाजवली. त्याच मुलीचा आणखी एक मेल, बाहेर निघालेला. "मामा, एवढं तपासून द्या," आणि सोबत शेकडो पेशंटांची नावं, पत्ते, आजार. निघाला होता तिच्या सख्ख्या मामाकडे!

'मामा' टाइप केलं की तिच्यासमोर दोन मामा यायचे. पोरीने दोन्ही वेळा भलताच निवडला होता.

निळा शर्ट मनातल्या मनात घडी करून मामांनी फोन लावला.

"अगं, पेशंटांची फाईल तुझ्या मामाकडे निघाली होती. अडवलीय, घाबरू नकोस."

"अगंबाई! म्हणजे त्यांना लिहिलेला मेल तुम्हाला आला? वाचलात?"

चुकून आलेला मेल वाचू नये, लगेच पुसावा, केराच्या टोपलीतूनही पुसावा, हा नियम सगळ्यांना मामांनीच घोकून घेतलेला.

"छे! वरचं 'मामा' तेवढं दिसलं. त्यांना परत पाठव हो, रविवारच्या आत."

जन्मात पहिल्यांदा मामांच्या तोंडून माहिती फुटली होती. पोरीने तो 'रविवार' बरोबर पकडला.

"मामा... तुम्हीपण या ना."

"बघतो," मामा म्हणाले.

मेल त्यांनी लगेच पुसला. रविवारी घरीच जेवले. केराची टोपली मात्र रिकामी केली ती सोमवारी, आणखी एकदा वाचून.