बसवून ठेवलेले नाना

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर वाकलेलो होतो. पलीकडून आई एवढंच म्हणाली, "नाना गेले रे... ये." मी हातमोजे काढले आणि समोरची काचेची बशी झाकावी की तशीच ठेवावी, याचा उगाच विचार करत उभा राहिलो. त्या बशीत जे होतं त्याचा नानांच्या जाण्याशी काही संबंध आहे, हे गावी, फैजपूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर मनात आलं. खरं तर आधीच आलेलं होतं, कबूल तेव्हा केलं... आज सहा आठवड्यांनी लिहितो आहे.

नाना म्हणजे आईचे थोरले भाऊ. माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली आणि नानांनी आम्हाला सांभाळलं. त्यांनी लग्न केलं नाही. केळीच्या कापणीत घड वाहायचं हे त्यांचं काम. बागेतल्या चिखलातून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत, खांद्यावर, दिवसभर. त्याच खांद्यावर माझी शाळा आणि कॉलेज झालं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. म्हणून संशोधनाला जागा मिळाली तेव्हा मी सगळ्यात आधी नानांचं काम बंद केलं. आमच्या वस्तीत घर वर आलं की नाही हे भिंतींवरून ओळखत नाहीत; घरातलं म्हातारं माणूस अजून ओझं उचलतं का, यावरून ओळखतात. मामा घड वाहतो आणि भाचा साहेब, हा टोमणा मला ऐकायचा नव्हता.

"मले बसाले नको सांगू भाऊ, आंग आंबते," नाना म्हणाले.

"पुष्कळ केलं तुम्ही. आता बसून खायचं."

"बसून तं देव खाते. अन् त्याले बी लोक वरसातून एक डाव पालखीत हालवतात!"

आम्ही हसलो, पण चाललं माझंच. ओट्यावर खुर्ची आली. नाना बादली उचलताना दिसले की मी ती हातातून काढून घ्यायचो, रागवायचोही. मी नसताना माझा नियम आई चालवायची. येणारे-जाणारे म्हणायचे, भाचा असावा तर असा... आणि ते ऐकून मला बरं वाटायचं, हेही लिहिलं पाहिजे.

माझं काम हाडांच्या मगजातल्या मूळ पेशींवर आहे. या पेशींचं पुढे काय व्हायचं ते ठरलेलं नसतं. त्यांचं हाड होऊ शकतं, चरबीही होऊ शकते. आम्ही त्यांना बशीत, रबरासारख्या पातळ पडद्यांवर वाढवतो. एक पडदा यंत्र सतत ताणतं आणि सोडतं, दुसरा स्थिर असतो. दोन्हींना खाद्य तेच, ऊब तीच. ताण सोसणाऱ्या पेशी हाडाच्या वाटेला लागतात, आणि स्थिर राहिलेल्यांत चरबीचे थेंब धरू लागतात. रंग टाकला की ते लालभडक दिसतात. एकदा नाना जळगावला आले तेव्हा मी त्यांना हौसेने हे दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून बघत राहिले.

"म्हंजे यायले कामाले लावलं तं हाड, अन् बसवलं तं लोनी?"

"तसंच काहीसं, नाना."

"मंग मले कायले बसवलं?"

मी मोठ्याने हसलो. म्हणालो, "तुम्ही काय पेशी आहात का!" नाना हसले नाहीत... हे मला आत्ता आठवतं.

दोन वर्षं ते बसून होते. एका सकाळी ओट्याची एकच पायरी उतरताना घसरले आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "हाडं फार विरळ झालीत. उद्यापासून धरून उभं करा, निजवून ठेवू नका." आम्ही त्यांना घरी आणलं आणि निजवूनच ठेवलं. उभं करायला गेलं की ते कळवळायचे, आणि आमच्याच्याने ते बघवायचं नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी माझं मनगट धरलं. "मले उभं कर रे." मी म्हणालो, "उद्या, नाना." दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेत पोचायचं होतं. त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कफ भरला, आणि आईचा तो फोन आला.

माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "त्या वयात हाडं विरळ होतातच. बशीतल्या पेशींवरून माणसाचा निवाडा करू नकोस." शास्त्र म्हणून त्यांचं बरोबर आहे. नाना बसले नसते तर पडले नसते, असं कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण जे मी रोज वहीत टिपत होतो, ते माझ्याच घरातल्या माणसाने मला विचारलं आणि मी ते हसण्यावारी नेलं. त्यांना काम हवं होतं, मला त्यांचं बसणं हवं होतं.

परवा घरी गेलो. ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात आई शेळीचा चारा घेऊन आली. दम खायला तिने भारा कठड्यावर टेकवला. माझा हात आपोआप पुढे झाला, आणि मी तो मागे घेतला. समोरच्या घरातून आवाज आला, "शिकेल-सवरेल पोरगं बसून रायते, अन् माय भारा वाहते!" मी मान खाली घातली. घड खांद्यावर घेताना नाना दरवेळी स्वतःशीच "हं, चाल" म्हणायचे. आई तेच म्हणाली, भारा डोक्यावर घेतला आणि परसात गेली.