धाकट्या जावेचा परवाना

हळर्णच्या आमच्या घराला पुढे लांब बल्काव, म्हणजे बाकांची ओसरी आहे. त्याच्या एका टोकाला माझा पसरो, छोटंसं दुकान: तांदूळ, साबण, सकाळचे उंडे पाव. दुसऱ्या टोकाला माझ्या धाकट्या जावेने दोन लाल होड्या आणून ठेवल्या, आणि त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. मी जळत होते.

कयाक म्हणतात त्यांना, हौसेने वल्हवायच्या होड्या. जावेचं माहेर सिंधुदुर्गातलं, भाऊ तिकडे पर्यटकांना होड्या फिरवतात. खाणी बंद पडल्यावर दिराचा खनिज वाहणारा ट्रक दारात गंजत पडला होता. ती म्हणाली, किनाऱ्यावरच्या हॉटेलांना होड्या लागतात, होड्यांची इंजिनं लागतात, लाइफ जॅकेट लागतात, आपण विकू. आणि विकल्याही. मी त्याच बल्कावात पंधरा वर्षं बसते, मला भेटायला कोणी वाट वाकडी करून आलं नाही. तिच्याकडे पहिल्याच आठवड्यात दोन गाड्या थांबल्या. जाताना त्यांनी माझ्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि मला विचारलं, मॅडम कधी असतात?

मग एक दिवस बंदर खात्याचा साहेब आला. परवान्याशिवाय होड्या, इंजिनं, जॅकेट विकायची नाहीत म्हणाला, आणि नोटीस देऊन गेला. होड्यांवर ताडपत्री पडली. साफ सांगते, त्या दिवशी मी दुपारी दोन घास जास्त जेवले.

पण ती कुठली गप्प बसते? पणजीला तीन फेऱ्या मारून सगळे नियम तोंडपाठ करून आली. प्रत्येक होडीच्या अंगावरचा नंबर रजिस्टरात हवा, कोणाला विकली ते हवं, जॅकेटवर शिक्का हवा, इंजिनाजवळ पेट्रोल ठेवायचं नाही, आग विझवायचं नळकांडं भिंतीला हवं. ते नळकांडंही तिने टांगलं. साहेब तपासणीला आला तेव्हा त्याचा प्रश्न संपायच्या आत तिचं उत्तर तयार असायचं. मी उंडे मोजता मोजता ऐकत होते. माझ्याशी बोलताना मान खाली घालणारी ही बाई साहेबाच्या डोळ्यांत बघून बोलत होती.

एकच कागद राहिला. घर सामाईक, उताऱ्यावर दोन्ही भावांची नावं, त्यामुळे सगळ्यांची ना हरकत लागणार. इथे गोव्यात अशा कागदाला नवऱ्याची सही पुरत नाही, बायकोचीही लागते. दोघा भावांनी केली, तिने केली. राहिले मी, आणि कागद माझ्याकडेच होता. महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही तर अर्ज रद्द, असं साहेब सांगून गेला.

आमच्याकडे सामाईक जागेवर विहीर खणायची असो की आंब्याची फांदी तोडायची, आधी देवाला कौल लावतात. भटजी देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासू गेल्यापासून विचारायला जाण्याचा मान थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा. मी गेले. गाऱ्हाणं पुरतं घालूनही झालं नव्हतं, तोच उजवी पाकळी पडली. इतक्या घाईने की मला देवाचाही राग आला. हिच्यासाठी तोही तयारच बसलेला.

घरी येताना डावी पडली म्हणून सांगायचं ठरवलं होतं. उंबऱ्यात पाय ठेवल्यावर तेवढी हिंमत झाली नाही. म्हणून सांगितलं, पाकळी अडकून राहिली, देव काही बोलला नाही, परत विचारावं लागेल.

कोणी शंका घेतली नाही. देवाच्या नावावर खोटं सांगणारी थोरली सून आमच्या घरात आजवर झाली नव्हती. दर दोन-चार दिवसांनी जाऊ विचारायची, "वयनी, परत कधी जातल्यात?" कधी मी अमावास्या पुढे केली, कधी भाऊबंदांतलं सुतक, कधी गुडघा. हॉटेलवाले येत, ताडपत्री उचलून बघत, परत जात. मी त्यांना पाणी विकत होते, आणि मला बरं वाटत होतं. रात्री मात्र देवघरात दिवा लावायला मी मुलीला पाठवायचे.

महिना संपायला दोन दिवस होते. ती पसऱ्यापाशी आली, हातात नवा कोरा अर्ज. वर माझं नाव तिने आपल्या हाताने लिहिलेलं.

"वयनी, माझ्या नावान देव बोलणा नाय. तुमच्या नावान इचारा. परवानो तुमी घेवा, होडये मी इकतंय."

त्या गाभाऱ्यापुढे परत उभं राहणं माझ्याने होणार नव्हतं. मी अर्ज बाजूला सारला आणि तिच्याकडे न बघता म्हटलं, "कौल उजवो पडलेलो. पयल्याच दिसा."

ती बाकावर बसली. मी ना हरकतीचा कागद तांदळाच्या डब्याखालून काढला, सही केली, तिच्यापुढे ठेवला.

"माका ठावक होता," ती म्हणाली. "भटजीन त्याच सांजेक सांगल्यान."

"मगे गप कित्याक रवलंस?"

"तुमच्या तोंडान येवचा म्हणान."

कागद घेऊन ती दुपारच्या बसने पणजीला गेली. आता परवाना चौकटीत घालून तिच्या टोकाला लावलाय, पसऱ्यात बसलं की समोरच दिसतो. तो मला एवढा सलत नाही. सगळं माहीत असून ती इतके दिवस माझ्या हातचा चहा पीत राहिली, आणि शेवटी स्वतःचा परवानाही माझ्या नावावर द्यायला निघाली. हे मला जन्मात जमलं नसतं, आणि याचा मला तिच्या होड्यांपेक्षा जास्त हेवा वाटतो.