लग्नाच्या फोटोत नसलेला माणूस

नागपूर सोडलं त्या सकाळी दारात टॅक्सी उभी होती आणि आईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली होती. दोन्ही बॅगा अभयदादानं आदल्या दिवशी भरल्या होत्या. काट्यावर चारदा तोलून, लोणच्याच्या बरण्या टॉवेलात गुंडाळून, वर ऑइलपेंटनं माझं नाव टपोऱ्या अक्षरात लिहून. निरोप द्यायला मात्र दादा नव्हता. सासूबाई आल्या होत्या ना! ‘तो कामावर गेलाय,’ आई त्यांना म्हणाली. टॅक्सी वळली तेव्हा मागच्या खोलीच्या खिडकीत मला तो दिसला. त्यानं हात हलवला. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणून मी मान वळवली.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे इकडे आलेल्यांनो, हे लिहायला मला वीस वर्षं लागली.

दादा कॉलेजात असताना आजारी पडला. आधी काही आठवडे झोपलाच नाही. बोलायला लागला की थांबायचा नाही, एकदा तर घरातली सगळी दारं दोन दिवसांत निळी रंगवून टाकली. मग कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. देवऋषी झाले, ताईत झाले, शेवटी एकदाचे डॉक्टर झाले. गोळ्यांनी तो सावरला, पण आम्ही काही सावरलो नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची,’ आई म्हणायची. ‘आधी तुझं लग्न होऊन जाऊ दे.’ लग्नाच्या आठवड्यात दादाला अमरावतीला मावशीकडे पाठवलं. कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला, त्याला सासरहून उपरणं-टोपी मिळाली, फोटोही झकास आले.

नवरा संजय, त्याची नोकरी आणि मी, असे तिघं ओहायोतल्या कोलंबसला आलो. ‘भाऊ काय करतो?’ असं मराठी मंडळात कोणी विचारलं की मी ‘घरूनच काम करतो’ म्हणून विषय बदलायची. रविवारच्या व्हिडिओ कॉलला आई फोन असा धरायची की मागच्या खोलीचं दार दिसू नये. तसं धर म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आत ने म्हणून मीही कधी सांगितलं नाही.

मी एका क्लिनिकच्या फ्रंट डेस्कवर काम करते. नवीन पेशंट आला की फॉर्म द्यायचा आणि बजावायचं, एकही रकाना सोडू नका. त्यात एक रकाना घरातल्या मानसिक आजारांचा असतो. आमच्याकडे सोमाली कुटुंबं पुष्कळ येतात. ती तिथे डोळे मिटून ‘नाही’वर खूण करतात, आणि मला आपलं वाटायचं, किती हे अज्ञान! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

माझी मुलगी इरा गेल्या वर्षी शेजारच्या राज्यात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला गेली. पहिल्याच थंडीत ती कोमेजली. क्लासला जाईना, जेवेना. तिथल्या डॉक्टरांकडे गेली आणि वेटिंग रूममधून मला फोन केला. ‘आई, फॅमिली हिस्ट्री विचारतायत. मेंटल इलनेस, एनीवन?’

‘नाही गं, आपल्याकडे कोणाला नाही,’ मी म्हणाले. विचार करायला एक क्षणसुद्धा लागला नाही मला.

डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी इराचा फोन आला आणि माझा जीव भांड्यात पडला. काय तो उत्साह! ‘आई, आय फील अमेझिंग. झोपच लागत नाही, अँड आय डोन्ट ईव्हन नीड इट!’ तीन पेपर एकदम लिहायला घेतले होते, रूमचं फर्निचर हलवलं होतं, भिंती रंगवायला डबे आणले होते. मी संजयला म्हणाले, बघ, पोरगी लागली मार्गाला.

आमच्या क्लिनिकमध्ये होदान नावाची सोमाली दुभाषी आहे. मला ‘वलाल’ म्हणते, म्हणजे बहीण. क्लिनिक उघडण्याआधी आम्ही दोघी तिच्या थर्मासमधला वेलची-दालचिनीचा चहा पितो. इराच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या हातात एक कागद होता. रविवारी मशिदीच्या हॉलमध्ये ती बायकांशी मनाच्या आजारांवर बोलणार होती आणि त्याची तालीम तिला माझ्यासमोर करायची होती.

‘आमच्याकडे माणूस शहाणा नाहीतर वेडा, मधलं काही नाहीच,’ ती म्हणाली. ‘घरात कोणी आजारी आहे का असं विचारलं तर सगळ्या नाही म्हणतात. म्हणून मी आता वेगळं विचारते. तुमच्या लग्नाच्या फोटोत कोण नाहीये?’

ती हे इंग्रजीतच बोलली असणार, पण मला ते थेट मराठीत ऐकू आलं. कोणीतरी फाडकन मुस्काटात मारावी तसं झालं. होदान तिच्या धाकट्या भावाबद्दल सांगत होती. घरच्यांनी त्याला मायदेशी पाठवून दिलं होतं आणि इथे ‘बिझनेसला गेलाय’ म्हणून सांगितलं होतं. आता तो परत आलाय, औषधं घेतो, आणि हे सगळं बोलायची परवानगी त्यानंच दिली होती. मला मात्र निळी दारं दिसत होती. रंगाचे डबे. झोप नको म्हणणारी माझी पोर.

‘माझा भाऊ,’ मी म्हणाले.

होदाननं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. ‘आधी तिच्या डॉक्टरांना. रडायचं नंतर.’

तिकडची नर्स शांतपणे म्हणाली, ‘तिच्याबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही, पण तुम्ही सांगाल ते लिहून घेते.’ मी सांगितलं. मग तिनं विचारलं, भावाला कोणती औषधं लागू पडली? सख्ख्या भावाच्या गोळीचं नाव मला माहीत नव्हतं! कधी विचारलंच नव्हतं.

नागपूरला फोन लावला. तिथे संध्याकाळ होती. दादाच्या गोळ्यांची नावं विचारली तर आईचा पहिला प्रश्न, ‘कोणाला सांगून राहिली तू हे?’ मी ओरडले, ‘आई, दादाला दे!’ मग पावलं वाजली आणि दादाचा आवाज आला. काय झालं, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं तेव्हा तो क्षणभरही गडबडला नाही.

‘पेन घे,’ तो म्हणाला. कोणती गोळी, किती, कधीपासून, कोणत्या गोळीनं त्याचं बिघडलं होतं, सगळं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. बॅगा भरल्या होत्या तसंच, नीट.

मी ते नर्सला कळवलं; दादासारखा आजार असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं माणूस असा उधळू शकतो, म्हणून डॉक्टरांनी इराला त्याच दिवशी बोलावून घेतलं आणि ती गोळी थांबवली. आम्ही गाडी काढली. वाटेत मी संजयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘म्हणजे माझा कान पिळायला खरा मेहुणा येऊ शकला असता? आणि त्याच्या आजाराचा मला वीस वर्षं पत्ताच नाही?’ तो चिडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं उलट दादा आता कसा आहे ते विचारलं.

इरा आठवडाभर हॉस्पिटलमध्ये होती. तिथे ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘यू न्यू? तुला माहीत होतं, अँड यू सेड नो?’ ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द ओठांवर आले होते, पण ते आईचे होते, म्हणून गिळले.

आता इरा घरी आहे, एक सेमिस्टर ड्रॉप केलंय. तिचा मामा रोज तिच्याशी बोलतो. झोप किती झाली, जेवली का, गोळी घेतली का. ‘मामा गेट्स इट,’ ती म्हणते. आई अजून कुरकुरते, पण फोन आत नेऊन देते. वीस वर्षं मी घर घर म्हणून ज्याच्यासाठी झुरले ते पुढच्या खोलीपुरतंच होतं. माझं खरं घर त्या मागच्या दाराआड होतं, आणि दार लावून घेणाऱ्यांत मीही होते.

परवा इरा आंघोळीला गेली होती तेव्हा फोन मी उचलला. न राहवून म्हणाले, ‘दादा, मी निघाले त्या दिवशी तू खिडकीत होतास. मला दिसला होतास.’

‘माहीत आहे मला,’ दादा म्हणाला. ‘ते असू दे. इरानं गोळी घेतली का, ते बघ आधी.’